नारळाचं पोतं आणि बापटांचे पहाड

दिल्लीत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाकडे दोन गोष्टी नको तितक्या साठतात. एक म्हणजे गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांनी आणलेले बाकरवडीचे रिकामे डबे, आणि दुसरी म्हणजे किस्से. डबे निदान कबाडीवाल्याला देता येतात. किश्शांना कबाडीवाला नाही. ते पडून राहतात. मग कधीतरी दोन जुनी माणसं समोरासमोर बसतात, चहा येतो, कुणीतरी "तो नारळ आठवतो का?" म्हणतं, आणि संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

आमचे किस्से पहाडातले, म्हणजे हिमाचलातले. तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. एका जिन्यात तीन मराठी बिऱ्हाडं. तळाला शेख, मध्ये आम्ही साळवे, वर बापट. इक्बालभाई शेख मूळचे मिरजेचे, नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. त्यांच्या मुमताजवहिनींची जीभ तिखट आणि खिमाही तिखट. आम्ही नगरकडचे ख्रिश्चन. मी एका मंत्रालयात स्टेनो, आमचे साळवे रेल्वेच्या हापिसात. आणि वरच्या मजल्यावर बापट. सेक्शन ऑफिसर, कॉलनीच्या गणेशोत्सवाचे कायमचे सेक्रेटरी आणि आमच्या प्रत्येक सहलीचे स्वयंघोषित पुढारी.

बापटांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, बापट विचारत नाहीत, कळवतात. "शुक्रवारी पहाटे निघतोय," असं ते जिन्यात उभं राहून मोठ्यानं सांगायचे आणि तिन्ही मजल्यांवर बॅगा भरायला सुरुवात व्हायची. मनानं माणूस लाखमोलाचा. माझ्या बाळंतपणात रिक्षा मिळेना तेव्हा शेजारच्या सरदारजीची गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेणारा. पण कळवायचे. त्यांच्या कुसुमवहिनी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. शांत बाई. दिवसभर वर्गात बोलून घरी येतात म्हणून बोलत नसतील, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती.

बाकीची मराठी मंडळी एलटीसी घेऊन महाराष्ट्रात जायची. बापटांनी कळवलं, "उकाड्यातून उठून उकाड्यात जायचं कशाला? आपण वर जायचं." तेव्हापासून आमचा शिरस्ता पडला. कॉलनीच्या गणपतीचं विसर्जन झालं की पुढच्या शुक्रवारी पहाड. फरीदाबादचा बलबीरसिंग त्याची मेटाडोर घेऊन यायचा. एरवी ती कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची, म्हणून तिच्या सीटांना कायम ग्रीसचा वास. त्या वासात मुमताजवहिनींचा खिमा, बापटवहिनींच्या तिळाच्या वड्या आणि माझा केक, असा एकत्र दरवळ घेऊन आम्ही हरियाणातलं मुरथल ओलांडायचो.

आणि हो, मागच्या सीटखाली एक पोतं असायचं. गणपतीत उरलेल्या नारळांचं.

*

ते पोतं ही बापटांची आयडिया. देवापुढे आलेले नारळ विकायचे नाहीत, फेकायचे नाहीत. वाटेतल्या देवांना वाढवायचे. सोलनपासून पुढे दिसेल त्या देवळापुढे मेटाडोर थांबायची, बापट उतरायचे, मोरया म्हणायचे, फाड्‌कन नारळ. बलबीर आम्हाला विचारायचा, "आपके साहब को गुस्सा किस बात का आता है?"

सतलजच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे देवाशी भांडण आहे. दुपारची वेळ, पण धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. लाकडी देऊळ, वर दगडी पाट्यांचं छप्पर, चिटपाखरू नाही. बापटांनी पोतं पायरीशी ठेवलं, शेजारचा एक सपाट, गुळगुळीत दगड हेरला आणि घातला नारळ त्याच्यावर. त्या शांततेत बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. खाली दरीत कुत्री भुंकायला लागली. पाच मिनिटांत धुक्यातून टोप्या घातलेली माणसं बाहेर आली, आणि आम्हाला कळलं की तो दगड म्हणजे देवाची पालखी टेकवायची जागा.

सगळ्यांत म्हातारे होते ते म्हणाले, "बकरा लगेगा."

बापटांनी जन्मात अंड्याचा केक खाल्ला नव्हता. माझा केकसुद्धा ते हातात धरून "बिनअंड्याचा ना?" असं तीनदा विचारून मग मुमताजवहिनींना द्यायचे. ते पांढरे पडले. इक्बालभाई मध्ये पडले, आमचे साळवे मध्ये पडले. शेवटी म्हातारेबाबांनी डोळे मिटले, देवाशी काय ते बोलले, डोळे उघडले आणि पोत्याकडे बोट केलं. "इसमें क्या है?"

एक नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. शेंडी पाहिली. डोळे पाहिले.

"बाल है, आँख है. देवता मान गया."

बापटांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पोत्याचं तोंड बांधायला वाकले. बाबांनी पोत्यावर हात ठेवला.

"एक से क्या होगा? बकरा बड़ा होता है."

पोतं तिथेच राहिलं.

*

पुढच्या वर्षी बापटांनी कळवलं की यंदा शिखर बघायचं. हिमाच्छादित, सोनेरी, आयुष्याचं सार्थक करणारं. त्यासाठी पहाटे उठून, कानटोप्या घालून, गावाच्या टोकाला एका कड्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो. समोर धुकं. नुसतं पांढरं. दूध सांडल्यावर फरशी दिसत नाही तसं.

बापट डगमगले नाहीत. पाठ करूनच आले होते. "समोर बघा. हा जो मधला सुळका आहे, त्याच्या डावीकडे शिवलिंगासारखा उभा खडक. दिवसातून अनेक रंग बदलतो." आम्ही माना हलवत होतो. माझ्या साळव्यांनी तर "अच्छा, तो होय!" असंही म्हटलं. इक्बालभाईंनी कॅमेऱ्याचा अख्खा रोल त्या दिशेला संपवला. बापटवहिनींना पुढे उभं करून, बापटांना पुढे उभं करून, दोघांना जोडीनं.

मग ऊन पडलं. धुकं हललं, फाटलं, वर गेलं. समोर एक बटाट्याचं शेत होतं आणि शेतात एक गाढव.

शिखर आमच्या पाठीमागे होतं. एवढं मोठं, एवढं जवळ की मान वर करावी लागली.  खरं सांगते, तसं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

खाली उतरताना मला एकदम आठवलं. इक्बालभाई तर नकाशे काढणाऱ्या खात्यात! मी त्यांना गाठलं. "तुम्हाला दिशा ठाऊक नव्हती?"

"होती की."

"मग?"

"बापट इतकं छान रंगवत होते," इक्बालभाई म्हणाले, "मोडवेना."

*

आता जरा दिल्लीत येते, कारण पुढचं समजायला हे हवं.

त्या वर्षांत दिल्ली चारी बाजूंनी सुटली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ, घरोघरी केबल, हापिसातल्या पोरांच्या तोंडी होम लोन. सरकारी क्वार्टर रिटायर झालं की सोडावं लागतं, म्हणून जो तो कुठे ना कुठे सोसायटीचा मेंबर होत होता. कुणी नोएडा, कुणी फरीदाबाद. इक्बालभाईंनी आणि आम्ही दिल्लीच्याच कडेला, द्वारकेतल्या एका सोसायटीत पैसे भरले. तेव्हा त्या द्वारकेला पप्पनकलां म्हणायचे आणि नातेवाईक विचारायचे, "हे हरियाणात आहे का राजस्थानात?" आमचे दोन फ्लॅट एका जिन्यात. तिसरा, मधला, सोसायटीनं बापटांसाठी दसऱ्यापर्यंत अडवून ठेवला होता.

बापटांनी केव्हाच कळवलं होतं. मार्चमध्ये रिटायरमेंट, एप्रिलमध्ये पुणे. कोथरूडला भावाच्या शेजारी फ्लॅट बघून ठेवलेला. "शेवटी आपली माणसं ती आपली माणसं," असं ते आमच्यासमोर, आमच्याच घरी, आमचाच चहा पिताना म्हणायचे. राग यायचा, पण बोलणार कोण?

कुसुमवहिनींना जायचं नव्हतं. हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. एक बापट सोडून. शाळेत त्यांना अजून काही वर्षं होती. तिथल्या पोरांच्या आयांना मराठी येईनासं झालं होतं, आणि वहिनी दुपारी शाळा सुटल्यावर आयांचाही वर्ग घ्यायच्या. वीसएक वर्षं पाठीला पाठ लावून पापड लाटलेली मुमताज इथे, मी इथे. मुमताजवहिनींनी एकदा त्यांना फैलावरच घेतलं. "तुम्ही बोलत का नाही त्यांच्याशी?"

"बोलायला आधी विषय निघावा लागतो," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे विषय निघत नाही, निकालच लागतो."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही प्लॉट बघायला गेलो. पुन्हा धुकं. दिल्लीचं, धुराच्या वासाचं. सोसायटीचा एक बोर्ड, एक हातपंप आणि मैलोगणती काहीही नाही. इक्बालभाई मफलर गुंडाळून मोहरीच्या शेताच्या कडेनं पावलं टाकत सांगत होते, हा जिना, हा हॉल, ही गॅलरी. हवेत बोटं दाखवून त्यांनी आमचा अख्खा संसार उभा केला. बापट मेटाडोरमधून खालीच उतरले नाहीत.

वहिनी मात्र चालत चालत मधल्या फ्लॅटमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "इथे गॅस," त्या म्हणाल्या. "इथे खिडकी. खिडकीतून मुमताजला हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे."

"कुसुम, चल, सर्दी होईल," बापट काच खाली करून ओरडले. "तिथे नीलगाई राहतात, माणसं नाही."

आणि खरोखरच धुक्यातून एक नीलगाय आली आणि वहिनींच्या गॅसच्या जागी उभी राहिली. आम्ही सगळे थिजलो. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या, "तिच्यापुरता चहा टाकू."

*

मधलाच एक छोटा किस्सा, नाहीतर राहून जाईल.

देवदारांच्या जंगलातलं एक गाव. उभी लाकडी घरं, खाली गुरं, वर माणसं, अंगणात लाल भाताच्या पेंढ्या. देवळाच्या आवाराला कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीवर एक म्हातारी अक्रोड फोडत बसलेली. गावातली बायका-पोरं तिच्या नजरेखालूनच आत जात होती. आम्ही जवळ गेलो तसा तिनं हात आडवा केला.

"कौन जात?"

झालं. मुमताजवहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मी साळव्यांकडे. बापट चित्पावन, त्यांना आत जायला काहीच अडचण नव्हती. पण बापट पुढे झाले, छाती काढली आणि म्हणाले, "हम सब एक ही हैं. सेंट्रल गवर्नमेंट."

मला तेव्हा बापटांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. वाटलं, पुण्याला जावो नाहीतर पाताळात, हा माणूस आपला आहे.

म्हातारीनं सगळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सरकारी?" ती म्हणाली. "तब तो बाहर ही बैठो. पिछले साल एक सरकारी आया था, हमारे पेड़ गिनकर गया."

तिन्ही बिऱ्हाडं भिंतीवर बसली. तिनं अक्रोड मात्र पोटभर खायला घातले.

*

आणि तीर्थाचा किस्सा तर बापट स्वतःच सांगायचे, फक्त शेवट बदलून.

वरच्या एका गावात नेगीजी म्हणून फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. बलबीरच्या मेव्हण्याचे ते जुने सुभेदार. त्यांच्या घरी आम्ही दोन-तीन वर्षं उतरलो. पहिल्याच संध्याकाळी नेगीजींनी पितळी भांड्यातून काहीतरी आणलं आणि म्हणाले, "देवता का प्रसाद."

बापटांनी शर्टाच्या बाह्या सावरल्या, उजवा हात डाव्यावर ठेवला, तीर्थ घेतात तसं हातात घेतलं, प्यायले, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मग थोडे थांबले. जर्दाळूची घरी गाळलेली होती ती, आणि वास अंगणापर्यंत येत होता. इक्बालभाई घेत नाहीत, त्यांनी नम्रपणे नुसते हात जोडले. साळव्यांनी ग्लास मागितला.

"बापट," मी म्हटलं, "दारू आहे ती."

बापटांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "सुमनताई, देवाच्या दारी असा भेद करू नये," ते म्हणाले आणि पुन्हा हात पुढे केला.

त्या रात्री त्यांनी संपूर्ण आरतीसंग्रह म्हटला. नेगीजींच्या सूनबाई दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाल्या, "आपके साहब बहुत धार्मिक हैं."

*

आणि आता शेवटचा. तो घडला आमच्या शेवटच्या पहाडात, ज्या वर्षी दसऱ्याला सोसायटीला हो किंवा नाही सांगायचं होतं.

 वाटेत मेटाडोरमध्ये बापट एकटे बोलत होते. कोथरूडच्या गॅलरीत कुंड्या किती मावतील, सकाळी टेकडीवर कोण कोण येतं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. रामपूरच्या पुढे रस्त्यावर ढग उतरले आणि बलबीर दिवे लावून, हॉर्न वाजवत, पायी चालल्यासारखी गाडी नेत होता. मुमताजवहिनींनी आपली शाल काढून वहिनींच्या गुडघ्यांवर घातली. मला रडू येत होतं. एवढ्या वर्षांचा जिना मोडणार, ह्याचं वाईट वाटत होतं, दुसरं काही नाही.

नेगीजींच्या गावात नेमकी त्या दिवशी देवाची पालखी बाहेर आली होती. देवळाच्या फरसबंद अंगणात सगळं गाव जमलेलं. डोक्यावर टोपी आणि कमरेला कापडी पट्टा असल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून नेगीजींनी घरातल्या टोप्या आणि पट्टे काढून दिले. बापटांनी कानटोपी काढायला नकार दिला, तिच्यावरच हिरव्या काठाची टोपी चढवली. ते एखाद्या फार मोठ्या देशाचे सेनापती दिसत होते.

पालखी म्हणजे आपल्यासारखी नव्हे. दोन लवचीक दांड्यांवर देव, त्याला चांदीचे मुखवटे, रंगीत रेशमी वस्त्रं, वर काळ्या लोकरीचा मोठा झुबका. दोन माणसं खांद्यावर घेऊन उभी. शेजारी एक उघड्या डोक्याचा, लांब केसांचा माणूस, ज्याच्या तोंडून देव बोलतो. गावकरी एकेक करून पुढे यायचे आणि विचारायचे. गाय हरवलीय, कुठल्या दिशेला शोधू? मुलाला चंदीगडला पाठवू का? सफरचंदं आत्ता उतरवू की थांबू? पालखी पुढे झुकली की हो, मागे सरली की नाही. काही अडलं तर तो माणूस बोलायचा.

"आमच्या मंत्रालयापेक्षा फास्ट आहे," बापट माझ्या कानात म्हणाले.

नेगीजी आमच्याकडे वळले. गावात मुक्काम केलेल्या पाहुण्यानं देवाला एक तरी प्रश्न विचारायचा, अशी तिथली रीत. न विचारता जाणं म्हणजे घरच्या म्हाताऱ्याशी न बोलता उठून जाणं.

अर्थातच बापट पुढे झाले. दोन टोप्या सांभाळत नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रिटायरमेंट के बाद हम पूना जा रहे हैं. वहाँ का मकान शुभ है ना?"

पालखी हलली नाही.

बापटांना वाटलं, देवाला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं. पालखी तशीच. पालखी धरलेले दोघं एकमेकांकडे बघायला लागले. देवाचा माणूस मान खाली घालून म्हणाला, "देवता कहता है, ये तो बता रहा है. पूछ कौन रहा है?"

गावात हलकं हसू पसरलं. बापट बाजूला झाले. नेगीजींनी वहिनींना खुणावलं, "भाभीजी, आप."

वहिनींनी मान हलवली. "मला काही विचारायचं नाही." नेगीजींना मराठी कळत नव्हतं, पण नाही म्हटलेलं कळलं. ते अजिजीनं म्हणाले, "रीत है, भाभीजी. कुछ भी."

मग वहिनी पुढे गेल्या. पदर खोचला, वर पट्टा बांधलेला, हात जोडलेले. वर्गावर उभं राहायची सवय असलेल्या बाईचा तो सरळ ताठ कणा मला पाठीमागून दिसत होता. त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मुझे पूछना नहीं आता. इतने साल में आदत ही नहीं लगी. अपने देवता से कहिए, वो मुझे पूछें."

 एक म्हातारा दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, दुसऱ्यानं मान हलवली. असं पूर्वी कुणी मागितलं नव्हतं, हे सांगायला दुभाषी लागत नव्हता. नेगीजी माझ्या शेजारी पुटपुटत होते, "ये क्या कह दिया, ये क्या कह दिया." मुमताजवहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

देवाच्या माणसानं डोळे मिटले. त्याचे खांदे हलायला लागले. खांदेकऱ्यांच्या पायांची जागा बदलली, पालखी डावीकडे गेली, उजवीकडे आली, आणि वहिनींच्या समोर येऊन थांबली. तो माणूस बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"देवता पूछ रहा है. बेटी, तुझे क्या चाहिए?"

 वहिनी बोलल्या त्या मराठीत.

"मला दिल्लीत राहायचंय. शाळा सोडायची नाहीये मला. ह्या दोघींच्या शेजारी घर हवंय, आणि त्या घरात हे हवेत. रुसून नकोत, आनंदानं हवेत."

भाषांतर कुणी केलं नाही. कुणी मागितलंही नाही. पालखी पुढे झुकली, आणखी झुकली, वरचा लोकरीचा झुबका वहिनींच्या जोडलेल्या हातांना लागेपर्यंत झुकली, आणि तशीच राहिली.

ढोल सुरू झाले. वहिनी वळून आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. बापटांनी दोन्ही टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. थंडीनं त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"कुसुम, हे मला कधी का नाही सांगितलंस?"

वहिनींनी कमरेचा पट्टा सोडला, नीट घडी घातली.

"त्यानं विचारलं," त्या म्हणाल्या.